खिडकीकडची खोली

३ मार्च

खिडकी मिळाली! वॉर्डात नुसतं छत बघून जीव आंबला होता. "खिडकी असती तर—" एवढंच मी म्हटलं, आणि हे तरातरा जाऊन खोली बदलून आले. "भाडं थोडं जास्त, एवढंच गं."

समोरच्या गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळतात. वारा आला की फुगतात. गोळीच्या गुंगीत वाटतं, आपणही त्या दोरीवर आहोत, चिमटे तेवढे काढायचे राहिलेत.

४ मार्च

मोठे डॉक्टर आले. हृदयाची झडप पार खराब. दहा तारखेला ऑपरेशन. "टाळू नका, बाई. सहा महिनेसुद्धा निघायचे नाहीत." मी मान डोलावली आणि त्यांच्या खांद्यावरून ढग बघत राहिले.

५ मार्च

दिवसभर तरंगतेय. छान वाटतं, खोटं कशाला बोलू?

६ मार्च

हॉस्पिटल मोठं मजेशीर! रक्त तेच, सुई तीच, सिस्टरही तीच — पण इथे तपासणी महाग. रक्त काढता काढता ती सहज बोलून गेली, "खोली बदलली की सगळ्याचेच दर चढतात, मावशी. डॉक्टरांची फी, भूल, ऑपरेशनसुद्धा."

"म्हणजे माझं काळीज खिडकीपाशी महाग होतं?"

ती हसली. मीही हसले.

यांना विचारलं. "तू कशाला डोकं शिणवतेस? विमा आहे ना!" बोलताना माझ्याकडे बघतच नव्हते.

७ मार्च

जाऊबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. डबा ठेवला आणि सांगून मोकळ्या झाल्या — आमच्या विम्यात वॉर्डच बसतो. वरची खोली घेतली म्हणून विमावाले सगळ्याच बिलाला कात्री लावणार, नुसत्या भाड्याला नाही. "भावजी लेथ विकतायत. उद्या माणूस बघायला येतोय."

लेथ! यांच्या वर्कशॉपात आहे काय, तर ती एक लोखंड कातायची मशीन. हे तिला 'थोरली' म्हणतात, माझ्याआधी घरात आली म्हणून. मी सवत म्हणते. पण आमचं पोट तिच्यावर. ती गेली तर या वयात हे कुणाच्या दारात उभे राहणार? नाकापेक्षा मोती जड झाला. आधी कुणी सांगायचं तरी! फार राग आला. मग गोळीनं झोपवलं.

८ मार्च

हे लेथ दाखवायला वर्कशॉपात. मी भिंत धरत धरत बिलाच्या काउंटरवर.

"मला परत वॉर्डात टाका."

तिथली मुलगी गोड बोलली, "आता खाली गेलात तरी दर वरच्या खोलीचाच लागेल, मॅडम. नियम आहे."

"घरी जाऊन पुन्हा आले तर?"

"विमा पुन्हा मंजूर होईलच, असं नाही."

दुपारभर पडून चादरी बघितल्या. इतक्या हलक्या! यांची फार आठवण आली, संध्याकाळी येणार होते तरी.

९ मार्च

'स्वतःच्या जबाबदारीवर जाते' अशी सही केली आणि टॅक्सीनं घरी आले. हे दारातच. "अगं, तू?" सांगितलं — डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरजच नाही.

केवढे हसले! लगेच फोन करून सौदा मोडला.