परसातली घसरगुंडी आणि आरोहीचा मुक्काम

जुळे सोलापूर,
६ मे

आदरणीय व्याही आप्पासाहेब यांना श्रीमंतचा मनापासून नमस्कार.

आम्ही इकडं मजेत आहोत आणि तुम्ही अकलूजला मजेत असणार हे धरूनच चालतो (ऊस आहे, सावली आहे, मजेत नसायला काय झालं?). तुमचा गुडघा कसा आहे, हे विचारायला सौ.नं तीनदा बजावलंय, म्हणून आधी ते विचारून घेतो. वहिनींना नमस्कार. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही दुसऱ्याला बोलू देत नाही. राग मानू नका, तुमच्या लेकीचंही हेच मत आहे.

विषय आपल्या नातीचा. आरोही मे महिन्यात पुण्याहून येते, त्यात पहिले दहा दिवस आमचे आणि पुढचे वीस तुमचे, हे जणू लग्नाच्या याद्यांतच ठरल्यासारखं चाललंय. गेल्या वर्षी तर चौथ्याच दिवशी ती "मला अकलूजला सोडा" म्हणून बसली. तुमच्याकडं चिंचेला बांधलेला झोका, म्हशीचं रेडकू, पाटाचं पाणी. आमच्याकडं काय, तर मी. तिला तुमच्याकडं सोडून एकटा एसटीनं परत आलो, तो दिवस मला लई जड गेला बघा. तेव्हाच ठरवलं, यंदा परसात पोरीसाठी झोपाळा, शिडी, घसरगुंडी, सगळं बसवायचं आणि तिला पुरता महिना ठेवून घ्यायचं.

दुकानात तीन प्रकार होते. प्लास्टिकचा संच सौ.नं वांगं दाबावं तसा दाबून बघितला आणि "आपल्या उन्हात हे पाडव्यालाच मऊ पडंल" म्हणून बाजूला केला. लाकडी संचाला वाळवी लागेल म्हणून मी नको म्हणालो (म्हणताना अशा काही टिचक्या मारत होतो, की दुकानदार मला सुतारच समजला). राहिला लोखंडी. त्याला बोगद्यासारखी गोल घसरगुंडी होती. पोरगी आत अडकायला नको, म्हणून जबाबदारीनं आधी मीच वरून बसलो. पोरगी अडकली नसती. मी अडकलो. पाय बाहेर, पोट आत. दोन गिऱ्हाईक बायका माझा एकेक पाय धरून ओढत होत्या, आणि आमच्या सौभाग्यवती काय करत असतील? भाव करत होत्या! "माणूस अडकतंय असली वस्तू ह्या भावानं देताय व्हय?" दुकानदार घाबरला, त्यानं भाव पाडला, मगच माझ्याकडं लक्ष गेलं. शेवटी त्याच भावात साध्या, उघड्या घसरगुंडीचा संच घेतला.

बसवताना माझं जरा चुकलं. घरातला उतार उत्तरेला असावा असं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून कडुलिंबाची गार सावली सोडून मी ती भर उन्हात उत्तरेला तोंड करून बसवायला लावली. आता सकाळी दहालाच पत्रा असा तापतो, की त्यावर भाकरी भाजावी. मी कपाळाला हात लावून बसलो, आणि सौ.नं मात्र त्यावर धोतर अंथरून कुरडया घातल्या. दुपारपर्यंत कडकडीत! गल्लीतल्या बायका आता पापड घेऊन नंबर लावायला येतात.

आरोही आली, तिनं सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "आजोबा, माझ्याबरोबर कोण खेळणार?" मी ऐटीत म्हणालो, तू एकटीच, सगळं तुझंच की! पोरीचं तोंड एवढंसं झालं. एवढ्या खटाटोपात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण ती आपल्यावर गेलेली नाही, हुशार आहे. शिडीवर चढली आणि कंपाउंडवरून गल्लीला हाक मारली. अर्ध्या तासात नऊ पोरं! आता सकाळी आठपर्यंत पोरं, मग कुरडया, सहानंतर परत पोरं. नंबर आरोही लावते, झोका मी देतो. खांदे भरून आलेत, पण आप्पासाहेब, आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.

तेव्हा विनंती एवढीच की यंदा तिला वीस तारखेपर्यंत इथंच राहू द्यावं. तिलाही तेच हवंय.

आपला,
श्रीमंत

ता. क. : वरचं सगळं आरोहीनं बोट ठेवून वाचलं. ती म्हणते, असं काही ती बोललेली नाही, दहा तारखेला ती अकलूजला येणार म्हणजे येणार. नंबर लावायचं काम तिनं शेजारच्या पायलकडं सोपवलंसुद्धा. मात्र आजोबाही बरोबर पाहिजेत, असा तिचा हट्ट आहे. पोरीचं मन कसं मोडायचं?

ता. ता. क. : ती परसात आहे तोवर लिहून टाकतो. हट्ट तिचा नाही, माझा आहे. ती गेल्यावर त्या परसाकडं मला बघवायचं नाही. तेवढं "तुम्हीही या" असं तुमच्या हातानं लिहून पाठवा, म्हणजे सौ.ला दाखवता येईल.