शेवटच्या प्रवेशाची वाटणी

मी, खाली सही करणारी, या नाटक कंपनीत जिला सगळे मोठीबाई म्हणतात ती, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. शुद्धीची खात्री करायला डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी त्यांना आमच्या रशियन नाटकाचा पहिला अंक सगळ्यांच्या वाक्यांसकट म्हणून दाखवू लागले, तेव्हा "पुरे, पुरे" म्हणाले. रक्तदाब मात्र वाढलेला निघाला. त्याचं कारण कलम तीनमध्ये आहे.

कलम १. राहतं घर माझ्या मुलाला. स्वयंपाकघराचं छत गळतं, तेही त्यालाच. इतकी वर्षं "बघतो" म्हणतोय, आता मालक म्हणून बघेल. बँकेतली शिल्लक सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर.

कलम २. हार्मोनियम धाकट्या दिरांना. रशियन नाटकाचं संगीत रूपांतर त्यांचं. बर्फावरच्या गाडीचा त्यांनी टांगा केला, आणि शेवटी नाटकातली सून भरलेली बॅग उघडते तिथे गाणं घातलं. वन्समोअर मिळाला की बिचारीने बॅग पुन्हा भरायची, पुन्हा उघडायची. ती बिचारी मी होते. तरी हार्मोनियम त्यांनाच, कारण तिचा बेसूर दुसऱ्या कोणाला सोसणार नाही.

कलम ३. मूळ रूपांतर माझ्या नवऱ्याचं. त्याचे हक्क आज माझ्याकडे आहेत. त्यात मोठ्या घरातली सून बॅग भरून निघते, दाराशी गाडी उभी असते. आत्याबाई "थांब" म्हणते. सून बॅग उघडून कपडे कपाटात ठेवते. पडदा. मी आधी सून केली, मग थोरली जाऊ, आता आत्याबाई; नाटकातली सून आता माझी सूनच करते. मुलाने नवं रूपांतर केलं, त्यात फर्निचर गेलं, सगळ्यांना काळे कपडे आले, पण ते "थांब" राहिलं.

गेल्या महिन्यात रशियाहून मंडळी आली आणि आमच्याच रंगमंदिरात त्यांनी हे नाटक केलं. मी आणि सून पहिल्या रांगेत. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण हालचाल न् हालचाल ओळखीची. शेवटी त्यांची सून बॅग घेऊन दाराबाहेर गेली. गाडीची घुंगरं वाजत लांब गेली. मी तिच्या परत येण्याची वाट बघत बसले, आणि लोक टाळ्या वाजवू लागले.

मला वाटलं, पोरगी विसरली. मी आत जाऊन दुभाष्यामार्फत तिला सांगितलंसुद्धा, "घाबरू नकोस, होतं असं. पण तू परत यायचं विसरलीस." दुभाष्या म्हणाला, "बाई, ती जातेच. लिहिलंय तेव्हापासून जातेच आहे."

ज्या वर्षी हे रूपांतर झालं, त्या वर्षी मला दुसऱ्या शहरातल्या कंपनीचं बोलावणं होतं. माझी बॅग भरलेली होती. नवऱ्याने ओट्याशी उभं राहून मला हा प्रवेश वाचून दाखवला आणि म्हणाला, "बघ, एवढा मोठा लेखक. त्यालाही बाई थांबलेलीच बरी वाटली." मी विश्वास ठेवला. लेखकाच्या तोंडात आपलं वाक्य घालून त्याने माझं आयुष्य जागच्या जागी ठेवलं! मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी कागदावर भांडते आहे.

सबब, हक्क सुनेला. शेवट तिने ठरवावा. नवऱ्याची तसबीर मात्र विंगेत, दारासमोर टांगावी. पुढे जे काय होईल ते त्याला नीट दिसू दे.

कलम ४. सुनेला परगावच्या नाट्यविद्यालयात शिकवायला बोलावलंय. आज संध्याकाळची गाडी आहे. मुलगा सकाळी मला म्हणाला, "आई, तू थांबलीसच ना? मग हिलाच काय धाड भरलीय?" सून केस विंचरत राहिली.

बाकीची कलमं माझ्यामागे अमलात येतील. हे आजच. प्रयोगातल्या बॅगेत चिंध्या असतात. मेकअपवाल्याने त्या काढून सुनेचे कपडे भरलेत. आत्याबाई मीच आहे. आज मी "थांब" म्हणणार नाही. पुढचं तिचं ती बघेल.

ठिकाण : रंगभूषेची खोली. आजची तारीख, दुपारच्या प्रयोगाच्या दुसऱ्या घंटेला.

सही : मोठीबाई
साक्षीदार : १. मेकअपवाला  २. पडदेवाला

ता.क. मी पडदेवाला. सही वर आधीच केली आहे, ही ओळ प्रयोगानंतर लिहितो. बॅग उघडली की पडदा पाडायचा, असं मला ठाऊक. आज बॅग उघडलीच नाही. मोठीबाई एकट्या उभ्या होत्या, हसत होत्या की रडत होत्या ते वरून कळेना. पडद्याला उशीर झाला, माफी असावी.