ब्रिजचं तुला कोणी सांगितलं?

प्रिय ठमे,

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. दोनदा मायेनं, तिसऱ्यांदा संशयानं. माझी चाळीस वर्षं पुलाचे रिव्हेट-खिळे हातोडीनं ठोकून बघण्यात गेली. घट्ट असला तर खणकन वाजतो, सैल झाला की बद्द बोलतो. शाळा चौथीत सुटली, पण कान शिकला. तुझ्या पत्राचं दुसरं पान मला बद्द वाजलं बघ.

तू लिहितेस, आपल्या मधल्या भावानं जन्मभर एवढं गोड हादडलं, ब्रिज बसवायची पाळी येणारच. बाई गं, त्याच्यासोबत दवाखान्यात मी गेलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबांना ब्रिज बसवू. मी म्हटलं, अहो, आधी खांब तरी तपासा! शेजारचे दोन दात झिजवून त्यांच्या आधारानं मधे खोटा दात बसवतात, त्यालाही ब्रिज म्हणतात, हे मला तिथंच कळलं. पण तुला मी यातलं अक्षर कळवलं नव्हतं. मग कोणी सांगितलं? भिंतीनं?

तेव्हापासून सगळंच उकरून बघतोय. परवा मधला आला, दोन तास बसला आणि ‘ती बया काय म्हणते?’ हे न विचारताच गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा! एरवी चपला घालताना हमखास विचारायचा, तेही पाठ फिरवून, तोंड दिसू नये म्हणून. तूही या खेपेला ‘त्याला सांग’ असं कुठं लिहिलं नाहीस. आईचं शिवणयंत्र त्यानं तुला न विचारता देऊन टाकलं, तेव्हापासून तुमचे निरोप माझ्यावरूनच ये-जा करतात. वापरातला पूल एकाएकी ओस कधी पडतो? शेजारी नवा झाला की. चोरून बोलताय ना दोघं? मांजरानं डोळे मिटले म्हणून म्हातारा आंधळा होत नाही, ठमे.

रागावलो नाही. पुलाखालून पुष्कळ पाणी वाहून गेलं, बरंच झालं. पण आता मलाही एक कबूल करायचंय.

तुमचे निरोप मी जसेच्या तसे कधी पोचवलेच नाहीत. यंत्राबद्दल त्यानं माफी मागितली, असं मी तुला सांगितलं. तो म्हणाला होता, गंजकं धूड होतं, गेलं ते बरं! आणि यंत्र गेल्याचं ऐकून तुझे डोळे भरले, असं त्याला सांगितलं. तू तर ताट आपटलं होतंस. दर खेपेला पदरचा गूळ घालत गेलो. आता एखाद्या दिवशी तोच म्हणेल, माफी? कुणी मागितली? तू उसळशील, आणि जुळलेलं पुन्हा तुटेल. म्हणून त्याच्याआधी माझ्याकडून ऐक. लबाडी माझी, त्याची नाही. शिव्या घालायच्या तर पोटभर घाला, पण वेगवेगळ्या पत्रांतून नकोत. दोघं एकाच गाडीनं या आणि समोर बसून घाला.

तुझाच लबाड,
दादा