चावीकाकांची पांढरी पँट

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून घरातलं सगळं बोलणं खोकल्यावरच भागवतात? (रागावू नकोस. मला भाऊजी मनापासून आवडतात. कमी बोलण्याचा गुण आपल्या घरात बाहेरूनच यायचा होता.) इकडे सगळे बरे. लोकांचे डोळे बिघडताहेत, त्यामुळे चष्म्याचं दुकान छान चाललंय.

पत्रास कारण भाऊजींची पांढरी पँट. त्यांच्या बाप्तिस्म्याला शिवलेली, ती ढगळ नाडीची. शनिवारी आमच्या चर्चच्या शाखेत बाप्तिस्मा आहे (म्हणजे ठरलाय, होईल की नाही ते देव जाणे) आणि उमेदवाराच्या कमरेचं माप घेता घेता आपल्या टेलरची टेप संपली. उमेदवार म्हणजे चावीकाका. सभेच्या खोलीखाली कुलपं दुरुस्त करतात, ते. साठी उलटलेला, दारात उभा राहिला तर दुकान दिसत नाही असा माणूस. वर्षभर आमची भजनं छतातून ऐकून कंटाळले असतील म्हण, एका रविवारी स्वतःच जिना चढून आले. आपल्यात चहा-कॉफी चालत नाही म्हटल्यावर चाळीस वर्षांची कॉफी नऊ दिवसांत सोडली. मला चहा सोडायला किती महिने लागले आणि मी तेव्हा घरात काय काय आपटलं, ते तुला आठवत असेलच.

तर यांची तयारी करून घ्यायचं काम शाखाध्यक्षांनी माझ्या गळ्यात मारलं. (अध्यक्ष म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. अजूनही प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. समोरच्याचं तोंड उघडंच असणार अशी सवय झालीय.) मीही हौसेने घेतलं. तू ओळखतेस मला. नवीन वही आणली, रंगीत पेन्सिली आणल्या, स्वर्गातल्या तिन्ही पायऱ्यांचा असा काही तक्ता काढला की बघत राहावं. तीन आठवडे मी बोलत होतो आणि काका मान डोलावत होते. चौथ्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, माझी बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तिचं काय?

अगं, सोपं होतं! आपल्या चर्चच्या मंदिरात गेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्या कुणाला बाप्तिस्मा घेता येतो, आणि तो स्वीकारायचा की नाही हे तिकडे तिचं ती ठरवेल. एवढंच सांगायचं होतं. मी सांगितलंही, पण तक्त्यासकट. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती नाही म्हणाली तर? लग्नाला मला दोनदा नाही म्हणाली होती."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी तो प्रश्न रविवारच्या वर्गात मांडला. झालं! नर्सबाई म्हणाल्या, तिकडे गेल्यावर कुणी नाही म्हणतच नाही. टेलर म्हणाला, मग विचारायचंच कशाला? मी म्हणालो, दोघांचंही चुकतंय. पाऊण तास आम्ही त्या बिचारीला तक्त्यावर वर-खाली करत होतो. नर्सबाईंनी तर माझंच खोडरबर घेऊन तिला वरच्या पायरीवर नेऊन ठेवलं, टेलरने परत खाली आणलं. कुणी तिचं नावही विचारलं नाही, ताई. आणि तिचा नवरा पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसलेला. शेवटी तो उठला, "तुमचं चालू द्या, मी खाली आहे," म्हणाला आणि गेला.

पुढचे दोन रविवार काका आले नाहीत. वर आम्ही भजन म्हणायचो आणि खालून त्यांच्या कानशीचा आवाज यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवारी दुकान लवकर बंद करून मी त्यांच्याकडे गेलो, स्टुलावर बसलो, माफी मागितली. (दोनदा. पहिल्या वेळी मी मधेच शास्त्रातलं एक वचन घातलं, म्हणून ती धरली नाही.) त्यांनी चावी घासता घासता विचारलं, "तुमच्यात 'माहीत नाही' म्हणणारं कुणी आहे का हो?" मी सगळी शाखा डोळ्यांसमोर आणली. मग तोंडातून निघून गेलं, "माझी बहीण होती." ते एकदम थांबले. "होती म्हणजे?" म्हटलं, नाही नाही, चांगली ठणठणीत आहे, फक्त हल्ली आमच्याकडे येत नाही.

असो. पत्र फार लांबलं. पँटीचं तेवढं बघ. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पँट कुरिअरने नको, चुरगळते. कुणीतरी हातानेच आणलेली बरी. शनिवारी दहाला आहे.

ता. क. २. खरं सांगतो. टेलरने दोन पँटी जोडून एक कधीच शिवलीय. त्या मंगळवारी काकांना मी सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तू भर वर्गात म्हणालीस की बाबा मरेपर्यंत बाप्तिस्म्याला नाही म्हणाले, तिकडेही नाहीच म्हणतील आणि देव त्यांना म्हणेल, बरं, बसा तरी. मग मी उठून सगळ्यांसमोर तुला अकरा वचनं वाचून दाखवली. तू पर्स उचललीस आणि पुढच्या रविवारपासून शहराच्या त्या टोकाच्या शाखेत जायला लागलीस. काकांनी कानस खाली ठेवली. म्हणाले, "बहिणीला आणा, मग मी पाण्यात उतरतो. जिथे तुमच्या बहिणीला बसता येत नाही, तिथे यायला माझी बायको कशाला हो म्हणेल?"

ता. क. ३. त्या अकरापैकी चार वचनं त्या विषयाची नव्हतीच. दोन मला अजून कळलेली नाहीत. चुकलं माझं, ताई. काकांसाठी म्हणून नाही, माझ्यासाठी ये. बाबा हो म्हणतील की नाही, मला माहीत नाही. पण नाही म्हणाले तर त्यांची समजूत घालायला आपल्याला दोघांनाच जावं लागणार, आणि मी एकटा गेलो तर ते दार उघडायचे नाहीत.