ढिगाऱ्यावरची जास्वंद

ढाका, १९ एप्रिल १९७१

प्रिय बुबू,

सलाम. चार वर्षांनी धाकट्या भावाचं अक्षर पाहून चष्मा पुसशील. इकडे ठीक आहे. दिवसा संचारबंदी उठते, भेंडी मिळते. माझ्या विनोदी सदराच्या जागी आता सरकारी सूचना छापतात; वाचकांना फरक जाणवलेला नाही.

पत्र आणणारी माझी टुनीच. तू फार आजारी आहेस असं मी तिला सांगितलंय, तेव्हा चार दिवस जरा कण्हत राहा.

दाजी दर एकवीस फेब्रुवारीला शहीद मिनारापर्यंत अनवाणी चालत. मी सदरात लिहिलं, भाषेसाठी पोरांनी जीव दिले, आमचे मेहुणे एका दिवसाचे जोडे देतात. शहर हसलं, तू बोलणं टाकलंस. बरोबर केलंस.

तो मिनार गेल्या महिन्यात लष्करानं उडवला. विटांचा ढीग उरलाय, वर मशिदीची पाटी. परवा सकाळी त्या ढिगाऱ्यावर कुणीतरी एक फूल ठेवलं. जास्वंद. पिवळी, गळ्याशी जांभळी.

तशी जास्वंद अख्ख्या ढाक्यात माझ्याच अंगणात आहे. मीच दोन जाती जुळवून आणली, प्रदर्शनात बक्षीस घेतलं, वर्तमानपत्रात मिरवली.

शेजारचे तोराब वकील लष्कराला साथ देणाऱ्या नव्या शांतता समितीत गेलेत. काल आले, सावकाश चहा प्यायले.

"फूल मेजरसाहेबांनाही आवडलं," म्हणाले. "तुमच्याकडे फुलं कोण तोडतं? मुलगी ना?"

बुबू, टुनीच तोडते. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण परवा ती घरी आली तेव्हा पावलांना विटांची लाल भुकटी होती.

"मीच ठेवलं," मी म्हणालो.

वकील हसले. "तुम्ही? जन्मात तिकडे फिरकला नाहीत."

"म्हणून तर इतका उशीर झाला."

तसं लिहून सही करून दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. माझं लिखाण इतक्या गंभीरपणे आजवर कुणी वाचलेलं नाही.

उद्या दहाला मला न्यायला लष्कराची गाडी येणार आहे. टुनीची लाँच सातला सुटते. तू हे वाचशील तेव्हा दहा कधीच वाजून गेलेले असतील. तिला कळलं की ती परत निघेल. दाजींना दारात बसव. रडेल, चावेल, मला शिव्या देईल, सोडू नकोस.

या पत्त्यावर उत्तर पाठवू नकोस.

तुझा,
मोफाज्जल