आईने शिवलेला निळा सदरा

फ्रीटाऊन बंदर, पश्चिम आफ्रिका, मे १८४१

माझ्या लाडक्या आईला,

मी बरा आहे. अक्षर वाकडं दिसलं तरी घाबरू नकोस, ताप उतरलाय, अशक्तपणा तेवढा बाकी आहे. धाकट्या टॅमसिनचा खोकला थांबला का? गुलामांच्या कष्टाची साखर घरात आणायची नाही, हा तुझा नेम अजून चालू आहे ना?

गुलामांचा व्यापार रोखायला फिरणाऱ्या आमच्या आरमारी जहाजानं गुलाम वाहून नेणारं एक जहाज पकडलं. तळातून माणसं वर आली ती उघडीच. सगळे खलाशी आपापले कपडे कापून शिवायला बसले. तू शिवून दिलेल्या निळ्या सदऱ्याचा मी एका पोरीला झगा केला.

आम्हा खलाशांचा मुकादम, तांडेल, म्हणाला, "काय रे जोरी, इतके नाजूक टाके! आईनं मुलगी समजून वाढवलं की काय?"

म्हटलं, "तिनं शिवण शिकवलं म्हणूनच ही पोर झाकली गेली."

आई, तू कधी गाव सोडलं नाहीस. पण आज आम्ही त्या माणसांना इथं सोडलं, तेव्हा तुझा सदरा माझ्याआधी किनाऱ्यावर उतरला, गुलामीतून मोकळ्या झालेल्या एका मुलीच्या अंगावर.

तुझाच,
जोरी