एका लायनीवरची दोन खाती

प्रिय वाएल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. बात्रूनला मावशीकडे आहेस, दोन वेळा जेवतोस, एवढं ती कळवते. कुणाशी बोलत नाहीस हेही कळवते. इथे घरी, मीनामध्ये, सगळं ठीक आहे. वरची उम्म हसन मला रोज विचारते, "पोरगा पत्त्यांवर रुसला की तुझ्यावर?" मी म्हणते, दोघांवर.

तुझ्या खुर्चीमागे कॉफी घेऊन उभं राहता राहता मला तुझा इंटरनेटवरचा पोकरचा खेळ कळला, हे तुझ्या ध्यानात कधी आलंच नाही. प्रत्येक डावातून कंपनी आपला वाटा कापते आणि त्या वाट्यावर तुम्हाला गुण देते. उतावळे लोक ते गुण लगेच फुटकळ कूपनांत उडवतात. तू वरच्या पायरीवर जाईपर्यंत त्यांना हात लावायचा नाहीस, कारण तिथे तेच गुण दीडपट मोलाचे. दुप्पट गुणांच्या दुपारी एकाच वेळी चार टेबलं, एरवी दोनच. आणि गुणांच्या मोहाने मोठ्या टेबलावर कधी गेला नाहीस. "आई, गुणांपायी डाव हरायला लागलो तर उपयोग काय?" असं म्हणायचास. ही शिस्त तुझ्यात कुठून आली कोण जाणे, तुझ्या वडिलांकडून तर नक्कीच नाही.

सगळ्यात वरच्या पायरीवर बार्सिलोनाची स्पर्धा होती: विमानाचं तिकीट, हॉटेल आणि व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र. एकतीस डिसेंबरला सगळे गुण शून्य होणार, आणि तुला हवे होते फक्त नऊशे. नेमकं तेव्हाच खातं गोठलं. एकाच लायनीवरचे दोघं एका टेबलावर बसून संगनमताने खेळतात, असा ठपका. आपल्या अख्ख्या इमारतीला केबलवाल्या अबू फादीची एकच इंटरनेटची लाइन, म्हणून तर तू आणि खालच्या इलियासने एका टेबलावर कधीच बसायचं नाही असं ठरवलं होतं. तोच टोपणनावाने बसला असं धरून तू तडक त्याच्या दारात गेलास. "लहानपणापासून आमच्या घरी जेवलास आणि मलाच बुडवलंस!" तो गोरामोरा झाला.

वाएल, ती मी होते. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर मी माझ्या नावाचं खातं उघडलं, टेबलावर दिसायला टोपणनाव घेतलं. तुला मदत करायची होती, नियम ठाऊक नव्हता, असं सांगणार होते. दोनदा तसं लिहून फाडलं. खरं असं की ऑक्टोबरमध्ये मी स्वयंपाकघरात भात भरायला कूसाची भाजी कोरत असताना तू बाहेर फोनवर म्हणालास, "एकदा पोचलो की परत येत नाही. आईला सांगेन सावकाश." नियम मला पाठ होता. मी तीन दुपारी तुझ्या टेबलावर बसले आणि मुद्दाम तुझ्यापुढे हरत गेले. मला तू जायला नको होतास, दुसरं काही कारण नाही. तू गेलासच, रागावून, आणि जिन्यात इलियास अजून माझ्या हातातली पिशवी घेतो तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नाही.

काल त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, आधी रडणं थांबवा आणि पासपोर्ट शोधा." त्यानेच माझ्याकडून कंपनीला लिहवून घेतलं. आज सकाळी मी कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट धरून सांगितलं की दोष माझा आहे, मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. माझं खातं कायमचं बंद झालं. तुझं दुपारी उघडलं. मी तुझ्यापुढे हरलेले पैसे त्यांनी तुझ्या खात्यातून काढून घेतले, पण तुझे गुण शाबूत आहेत. उद्या दुपारी गुण दुप्पट आहेत, परवा एकतीस तारीख. हे पत्र इलियासच गाडीने घेऊन येतोय. आधी त्याची माफी माग, मग त्याच्या गाडीत बस. जनरेटरवाल्याकडून मी दोन्ही दुपारांसाठी जास्तीची वीज घेऊन ठेवली आहे. नऊशे गुण मिळव आणि जा. मी अडवणार नाही. फक्त दारातून निघताना "परत येतो" असं म्हणू नकोस. मी ते खरं मानीन.

तुझीच,
आई